देवघरातली स्टेपनी

मागच्या दसऱ्याला आमच्या देवघरात एक स्टेपनी बसली होती.

बसवणारा मीच. माझे वडील हातमागावर लुगडी विणायचे. नवमीला मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची पूजा व्हायची, आणि दसरा होऊन दोन दिवस जाईपर्यंत तो पाटावरून उचलायचा नाही, हा घरचा नियम. माग गेला, धोटा राहिला. त्याच्या शेजारी ठेवायला माझ्याकडे अवजार काय, तर पेन! (तोही ऑफिसातून आलेला.) मला दरवर्षी ओशाळल्यासारखं व्हायचं. म्हणून त्या वर्षी गाडीच्या डिक्कीतून स्टेपनी काढली, धुतली, कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला.

"लोक गाडीपाशी जाऊन पूजा करतात," सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणाली.

"जे सालभर चूपचाप पडून राहते, त्याले पहिला मान," मी म्हणालो.

"मंग तुम्हीच बसा ना पाटावर."

सोनं द्यायला आलेल्या पाहुण्यांनी स्टेपनीला रीतसर नमस्कार केला. एक आत्याबाई प्रदक्षिणाच घालणार होत्या, पण जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी दहाला आमच्या केतकीचा बुटीबोरीच्या एका कारखान्यात इंटरव्ह्यू होता, यंत्रदुरुस्तीच्या खात्यात. आठ महिने पोरगी घरी बसून होती. हल्ली जेवतानाही बोलत नसे. ही नोकरी तिला फार हवी होती, आणि तिच्याइतकीच आम्हालाही. तिघं गाडीतून निघालो. ती घाबरलेली दिसली, म्हणून धीर द्यावा असं मला वाटलं. (इथे माझी पहिली चूक झाली, असं मला वाटतं. सुनंदाच्या मते ती सातवी होती.)

"स्टेपनी म्हणजे काय, माहीत आहे का तुले?"

"जास्तीचं चाक, बाबा."

"तिथंच तर चुकते तू!"

मग मी हप्ताभर मोबाइलवर वाचलेलं सगळं बाहेर काढलं. पूर्वीच्या मोटारींची चाकं सहज निघत नसत. पंक्चर झालं की साहेब रस्त्यातच घाम गाळायचा. तेव्हा कुणीतरी आरे नसलेली, टायर चढवलेली नुसती रिंग शोधून काढली. पंक्चर चाक तसंच ठेवायचं आणि ही रिंग त्याच्या अंगाला बाहेरून आवळायची. ती ज्या रस्त्यावर बनायची, त्याचं नाव तिला चिकटलं. विलायतेत हा शब्द आता फारसा कुणाला आठवत नाही, आपल्याकडे मात्र पंक्चरच्या प्रत्येक दुकानात तो जिवंत आहे.

"इंटरव्ह्यूत विचारलं तर सांगजो," मी म्हणालो, आणि मागचं चाक बसलं.

खरं सांगतो, मला आनंद झाला. प्रात्यक्षिकाची संधी! बाह्या सरसावून मी डिक्की उघडली. आत जॅक होता, पाना होता आणि स्टेपनीच्या जागी गोल खड्डा होता.

"बाबा, स्टेपनी कोठी आहे?"

"घरी."

"काहून?"

"पूजेत आहे."

केतकीनं ओढणीनं डोळे पुसले आणि फाइल छातीशी धरून उभी राहिली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. सुनंदानं मात्र पदर खोचून दुधाचा एक टेम्पो थांबवला. "दादा, पोरीचा इंटरव्ह्यू आहे, बुटीबोरीले सोडून देता का?" दोघी बसल्या. "तुम्ही गाडीपाशीच थांबा," ती मला म्हणाली.

मी थांबलो. दोन तास मैलाच्या दगडावर बसून विचार केला. पोरीला धीर द्यायचा होता, हे खरं. पण तिच्यासमोर हुशार दिसायचं होतं, हे जास्त खरं. ती गप्प होती तेव्हा मीही गप्प राहून तिच्या शेजारी बसलो असतो, तर तेवढंच पुरलं असतं. मला स्वतःची लाज वाटली.

फोन करून सांगितल्यावर मेहुणा घरून ऑटोतून स्टेपनी घेऊन आला, हारासकट.

"हार तरी काढायचा होता गा."

"पूजेतली हाय ना भाऊजी. मी कसा काढू?"

तिकडे केतकी वीस मिनिटं उशिरा पोचली होती. साहेबांनी कारण विचारलं. तिनं खरं ते सगळं सांगितलं, देवघरासकट. ते हसले, मग म्हणाले, "आमच्याकडे आलीस तर पहिल्या दिवशी काय करशील?"

"सर, सुटे भाग जागेवर आहेत का, ते स्वतः उघडून पाहीन. कोणी सांगितलं तरी विश्वास ठेवणार नाही."

नोकरी लागली. रुजू व्हायच्या दिवशी मी पहाटे गाडी धुतली, स्टेपनीत हवा भरली, डिक्की तीनदा उघडून पाहिली आणि फाटकाशी उभा राहिलो. केतकी खाली आली. तिनं वाकून नमस्कार केला, माझ्या हातातली किल्ली प्रेमानं माझ्याच खिशात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, मी बसनं जाते."

आता गाडीत स्टेपनी कायम असते. बसायला मात्र कोणी तयार नसतं.