उतारावरची कमाई

आमच्या सासरी सगळे कारकून. झाशीतल्या मराठी घरांत बहुतेक तेच. त्यात आमचे हे ट्रकवर ड्रायव्हर. लग्नाकार्यात यांचं काम कोणी विचारत नसे, पगार मात्र सगळे विचारत.

"वहिनी, ड्रायव्हरला कितीसे मिळतात हो?" धाकटी नणंद मुद्दाम चारचौघींत विचारायची.

"महिन्याचे सांगू की फेरीचे?" मी म्हणायची.

कारण एक आकडा नव्हताच. मालकाचा पगार कारकुनापेक्षा कमी. वाटेवरच्या जेवणाचे पैसे वेगळे, त्याला खुराकी म्हणत. सिमेंटच्या फेरीला थोडेच मिळत, सिमेंटला घाई नसते. फळं वेळेत पोचवली तर वर बक्षीस, उशीर झाला तर तेवढेच कापून घेत. जोडीला दुसरा ड्रायव्हर नेला नाही तर त्याचाही वाटा मिळे, पण झोप जाई. म्हणून एकाच मालकाच्या दोन ड्रायव्हरांपैकी एकाच्या घरी पंखा असायचा, दुसऱ्याच्या घरी नाही.

आमच्याकडे पंखा होता. तो कसा आला ते मला धुळ्याच्या लग्नाला जाताना कळलं. यांच्याच ट्रकमध्ये बसून गेले होते. सेंधव्याच्या पुढे घाट लागला आणि यांनी उतारावर इंजिन बंद केलं. भरलेला ट्रक, आणि आवाज नाही. नुसता वारा आणि टायर.

"अहो, बंद पडली का गाडी?"

"बंद कशाला पडेल? आता कुठे कमाई सुरू झाली."

मालक फेरीचं डिझेल ठरवून देई. त्यातलं वाचेल ते ड्रायव्हरचं. इंजिन बंद असलं की ब्रेकला जोर राहत नाही, हेही यांनीच हसत सांगितलं.

"असली कमाई मला नको," मी म्हटलं.

"मग घरी गेल्यावर पंखा काढून ठेव."

खाली इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत मी दाराची कडी सोडली नाही. पंखा काही काढला नाही. झाशीच्या उन्हाळ्यात पंखा कोण काढतो?

पुढे त्याच घाटात यांचा ट्रक दरीत गेला. यांचं दिवसकार्य सगळं उरकल्यावर मालकाचा मुनीम भर दुपारी घरी आला.

"ब्रेक फेल हो गया था, भाभीजी."

"इंजन चालू था?"

"अब वो कौन जाने."

भरलेल्या दिवसांचा पगार त्याने समोर ठेवला. मग दुसऱ्या खिशातून आणखी नोटा काढल्या. "ये अलग हैं. टंकी फूटी नहीं थी. हिसाब से ज़्यादा तेल निकला. जो बचा, वो ड्राइवर का. हमारे यहाँ यही कायदा है."

माणूस सचोटीचा होता. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच देऊन टाकलं, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. मी दोन्ही पैसे घेतले. घरात दोन मुलं होती, शाळेची फी राहिली होती.

आता झाशीतच सीपरी बाजारात राहते, त्या खोलीखाली पिठाची चक्की आहे. दिवसभर घरघर चालते. शेजारणी वैतागतात. मी नाही. पण चक्की मधेच थांबली की माझा हात कणकेत तसाच राहतो, आणि खिडक्या बंद असल्या तरी अंगाला वारा लागतो. चक्कीवाला आता मला ओळखतो. खालून ओरडतो, "अम्मा, कुछ नहीं, पट्टा उतरा है! अभी चलती है!"

"तो चला ना, भैया!"

कधी लगेच सुरू होते. कधी वेळ लावते.