तारीख उलटलेली चावी

माझी ताई कुणाच्या बापाला घाबरत नाही. इस्पितळात ऑपरेशनची हत्यारं वाफवून निर्जंतुक करायच्या खोलीत तिची सत्तावीस वर्षं गेली, आणि तिथले मोठमोठे डॉक्टरसुद्धा तिला वचकून असतात. त्यामुळे त्या शनिवारी दुपारी तिचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये, कुणाला बोलू नकोस," तेव्हा मी हातातलं काम टाकून निघाले.

पोचले तर ही कंप्युटरसमोर बसून कोरडेच हात पुन्हा पुन्हा पुसत होती. पडद्यावर एकेचाळीस फाइलींची नावं, सगळी हिरव्या अक्षरांत. कुठल्याही नावावर टिचकी मारली की एकच उत्तर, तुम्हाला परवानगी नाही.

"माझ्याच घरात मलाच परवानगी नाही गं," ताई म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, दोन वर्षांपूर्वी.

तेव्हा भावोजींच्या घशात गाठ निघाली होती. भावोजींचं चष्म्याचं दुकान, बोलण्यावरच चालणारं, आणि डॉक्टर म्हणाले स्वरयंत्र काढावं लागेल. मग ऑपरेशनच्या आधी आठ दिवस हा माणूस दार लावून बसला आणि त्याने कंप्युटरवर आपला आवाज भरून ठेवला. लेकीसाठी, ताईसाठी, पुढे होणाऱ्या नातवंडांसाठी. त्यात कुठे कुठे ते रडलेही होते, ते ऐऱ्यागैऱ्याच्या कानी पडू नये म्हणून ताईने त्या फोल्डरला कुलूप लावलं. ऑपरेशन झाल्यापासून भावोजींच्या खिशात वही असते, लिहून बोलायला. पुढच्या महिन्यात लेकीचं बाळंतपण, आणि परवाच त्यांनी वहीत लिहिलं होतं, 'बाळ आलं की लावू.'

आणि बाईसाहेबांनी काय करावं? कंप्युटर सुस्त झाला म्हणून कंप्युटरवाल्याला बोलावून तो धुऊनपुसून नवाकोरा करून घेतला. फोल्डर आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवला, मग पाटी कोरी, मग खातं त्याच नावाचं, पासवर्डही तोच. सगळं व्यवस्थित. फक्त एकही फाइल उघडेना.

मी कंप्युटरवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"कुलूप आहे हे मला आधी सांगायला नको?" तो वैतागला.

"अहो, पण माझ्याकडे कधी चावी मागितलीच नाही कंप्युटरने!" ताई ओरडली. "टिचकी मारली की उघडायचं."

"कारण चावी तुमच्या खात्याच्या पोटात होती. तुम्ही आत शिरलात की ती आपोआप लागायची. ते खातं आपण पुसलं. नवं खातं त्याच नावाचं असलं तरी कंप्युटरच्या लेखी तुम्ही परक्या बाई."

"मग फोडा की कुलूप!"

"ते फुटत नाही हो ताई. चावीची प्रत काढली होती का? कुलूप लावताना कंप्युटर विचारतो."

ताई ताडकन उठली. काढली होती! पेनड्राइव्हवर! ती ड्रॉवरकडे धावली, आणि ड्रॉवर उघडून तशीच उभी राहिली. मला कळायला क्षणभर लागला.

ताईच्या घरात प्रत्येक वस्तू चिकटपट्टी लावलेल्या पाकिटात असते आणि पाकिटावर तारीख असते, तिच्या इस्पितळातल्यासारखी. सुया, बटणं, गोळ्या, सगळं. सहा महिने उलटले की एक तारखेला पाकीट कचऱ्यात. उघडून बघायचं नाही, शंका आली तरी नाही, हा तिचा नियम.

"दीड वर्ष झालं असेल फेकून," ती म्हणाली.

"अगं, पेनड्राइव्ह काय कापूस आहे, खराब व्हायला?" मी इतकी चिडले होते की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिचा चेहरा पाहिला आणि तिला खुर्चीत बसवलं. तो आवाज आता जगात दुसरीकडे कुठेही नव्हता. आम्ही दोघी घड्याळाकडे बघत बसलो. भावोजी सहाला येतात.

सहाला दार वाजलं. ताईने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. शेवटी तिने त्यांच्याच खिशातली वही काढली आणि लिहिलं, 'मी तुमचा आवाज फेकला.'

भावोजींनी वाचलं. पडद्यावरची हिरवी नावं पाहिली, ड्रॉवर पाहिला. मग काही न लिहिता चपला घालून परत बाहेर गेले. ती वीस मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. ताई म्हणत होती, "ते आता माझं तोंड बघणार नाहीत."

ते परतले तेव्हा हातात दुकानातली चष्म्याची एक जुनी डबी होती. आत लेकीचा पहिला पडलेला दात, ताईची एक कुडी, आणि पाकिटासकट पेनड्राइव्ह. पाकिटावर ताईच्याच अक्षरात उलटलेली तारीख.

त्यांनी वहीत लिहिलं, 'महिनाअखेरीस मी तुझा ड्रॉवर तपासतो. लग्न झाल्यापासून.'

फोनवरून कंप्युटरवाला सांगत गेला, मी करत गेले. चावीने स्वतःचा पासवर्ड मागितला. तो ताईने दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा लागला. मी पहिल्या नावावर टिचकी मारली.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग खाकरणं. मग भावोजी, आमचे पूर्वीचे भावोजी, मोठ्याने म्हणाले, "अगं, सुरू झालं का हे? ऐकतेस ना?"

ताईने मागे उभ्या असलेल्या नवऱ्याचा हात घट्ट धरला आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "हो हो, ऐकतेय. बोला ना."