आल्याच्या बाटल्यांना ऊन

आमच्या गच्चीवर दारू गाळतात, ही बातमी आमच्या आळीत मला सगळ्यांत शेवटी कळली.

मी निवृत्त शिक्षिका. रत्नागिरीतल्या निम्म्या संसारी माणसांना मी कधी ना कधी विज्ञान शिकवलेलं आहे. आमचे हे पोस्टातून निवृत्त झाले. त्यांचं एकुलतं एक व्यसन म्हणजे दुपारचा चहा, आणि तो जरा उशिरा मिळाला की चेहरा पाडून बसणं. अशा घरावर असा आळ आला, त्याला कारण आमची मुलगी मुक्ता. म्हणजे मुक्ताचा काही दोष नाही. ती नोकरीसाठी आयर्लंडला असते, एवढंच.

दर रविवारी दिवेलागणीनंतर आम्ही तिघं एकत्र बसून काहीतरी पितो. आम्ही दोघं इथे, ती तिथे तिच्या स्वयंपाकघरात, आणि मध्ये मोबाईल. (तो हळदीच्या डब्याला टेकवून ठेवलेला असतो, त्यामुळे तिला बहुतेक वेळ ह्यांची हनुवटीच दिसते.) आपल्या पेल्यात काय आहे आणि ते कसं लागतं, हे एकमेकांना सांगायचं. ही पद्धत तिनेच काढली. तेवढाच एका ताटात जेवल्याचा भास.

एकदा तिच्या हातात वाईन होती.

“बाबा, ह्याला ओल्या लाकडाचा वास आहे. आणि शेवटी जिभेवर थोडं जांभळासारखं येतं.”

“ओल्या लाकडाचा वास आपल्या विहिरीवरच्या फळीलाही येतो,” हे म्हणाले. “आणि जांभळांचा तर दारात सडा पडतो. त्यासाठी एवढ्या लांब कशाला राहायला हवं?”

ती खळखळून हसली. ह्यांनी ते विनोद म्हणून म्हटलेलं नव्हतं, हे फक्त मला माहीत.

पुढे माझ्या भाच्याने नाशकाहून एक वाईनची बाटली आणून दिली. मुक्ताला काय आवडतं ते आपल्यालाही कळावं, म्हणून आम्ही दारं-खिडक्या लावून, स्टीलच्या पेल्यातून, औषध घेतल्यासारखी ती घेतली. पन्हं दोन दिवस ओट्यावर विसरलं की असंच लागतं, यावर आम्हा दोघांचं एकमत झालं. लग्नानंतर एवढं एकमत क्वचितच झालं असेल. रविवारी मात्र आम्ही तिला सांगितलं, “छान आहे हो. ओल्या लाकडाचा वास येतो.”

मग वाईन मागे पडली आणि आल्याचं एक फसफसणारं पेय आलं. ते ती घरीच करायची. बाटली उघडली की फस्स करून फेस वर येई आणि ती डोळे मिटून घोट घेई. “आई, हे माझं सगळ्यात आवडतं.” आधी ती दर रविवारी विचारायची, यंदा कोकमं कशी आहेत, आवळ्याचं सरबत उरलंय का. ते हळूहळू बंद झालं. मी बाहेरून काही दाखवलं नाही, पण मला भीती वाटायला लागली. माझ्या मुलीच्या जिभेवरून मी पुसली जातेय, असं वाटायचं. आणि याची तक्रार करायची तरी कुणाकडे?

अशात तिचा फोन आला. तीन वर्षांनी ती मे महिन्यात येणार होती, तीही जेमतेम आठवडाभर. मी त्याच क्षणी ठरवलं की यंदा कोकम नाही, आवळा नाही. तिचं सगळ्यात आवडतं पेय आपल्या घरात तयार पाहिजे. उंबऱ्यातून आत आली की पहिला पेला त्याचा. म्हणजे इथे आपलं काही उरलं नाही, असं तिला वाटायला नको.

कृती मी तिच्याकडूनच काढून घेतली, शाळेतल्या एका मैत्रिणीला हवी आहे अशी थाप मारून. आलं किसायचं, साखर घालायची, पाण्यात मुरवायचं, ते फसफसेपर्यंत त्याला रोज थोडी आलं-साखर खाऊ घालायची. मग लिंबू, आणखी साखर, आणि बाटल्यांत भरायचं.

“बाटल्या घट्ट बंद करायला सांग,” मुक्ता म्हणाली. “दोन दिवस उबदार जागी ठेवायच्या आणि मग लगेच फ्रीजमध्ये.”

आता मला सांगा, मे महिन्यात रत्नागिरीत उबदार नाही अशी जागा कोणती? देवघर उबदार, न्हाणीघर उबदार, पंख्याखाली बसलेले हे उबदार. ज्याअर्थी मुलीने मुद्दाम सांगितलंय, त्याअर्थी याहून उबदार हवं असणार, असा मी विचार केला. आणि आमच्याकडे बरणीत साखर पडली की बरणीला ऊन दाखवायचं, हे ठरलेलंच. कोकमाची सालं साखरेत घालून आठवडाभर उन्हात, लिंबाचं लोणचं उन्हात, छुंदा उन्हात. मग आल्याने काय पाप केलं?

“अगं, नक्की उन्हातच ठेवायचं ना?” ह्यांनी विचारलं.

“विज्ञान मी शिकवलं की तुम्ही?” मी म्हटलं.

घट्ट बसणारं बूच लागतं म्हणून भंगारवाल्याकडून बियरच्या रिकाम्या बाटल्या आणल्या. त्या उकळत्या पाण्यातून काढून ह्यांनी गच्चीच्या कठड्यावर ओळीने पालथ्या घातल्या. कागद सगळे निघाले नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला वर बघितलं की बाटल्यांची रांग आणि तिच्यामागे उघड्या अंगाने उभे असलेले निवृत्त पोस्टमास्तर, एवढंच दिसत होतं. मग मी बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि कोकमाच्या सरबताला लावतो तसं वरून मेण ओतलं. ह्यांनी वर सुतळी आवळली. पोस्टात जन्म गेल्यामुळे त्यांनी मारलेली गाठ कात्रीखेरीज सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शालनवहिनी आल्या. त्यांची गच्ची आमच्या गच्चीला लागूनच आहे आणि मे महिनाभर तिथे आंब्याच्या रसाची साठं वाळत असतात. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून त्यांनी माझा हात हातात घेतला.

“बाई, तुमचं पेन्शनीत भागत नाही का गो?”

“का हो?”

“नाही, सगळी आळी बोलते. मी म्हटलं, बाई तसं करायच्या नाहीत. केलंच, तर मुलीच्या काळजीने डोकं फिरलं असेल.”

यातलं शेवटचं वाक्य इतकं खरं होतं की मला आधीच्या बोलण्याचा राग आला नाही. मी म्हटलं, उद्या मुक्ता आली की या, तुम्हालाही एक पेला देते. त्या घाईघाईने उठून गेल्या.

मुक्ता भर दुपारी आली. वाळली होती. तिच्या केसांना अनोळखी वास येत होता. पाण्याचा तांब्याही न देता मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “आधी वर चल. तुझ्यासाठी काहीतरी केलंय.”

हेही मागोमाग आले. गच्चीत पाऊल टाकलं आणि ती थबकली. बाटल्या उन्हात तळपत होत्या.

“आई, त्या मैत्रिणीचं आलं… हे ते आहे? हे कधीपासून उन्हात आहे?”

“दोन दिवस. तू म्हणालीस तसं. उबदार जागी.”

“बाबा, खाली बसा,” मुक्ता म्हणाली. आणि पहिली बाटली गेली.

बूच, मेण आणि सुतळी यांच्यापैकी सुतळी जिंकली, त्यामुळे बाटलीच फुटली. तिचं बघून दुसरी फुटली. तिसरीची गाठ हरली आणि बूच थेट शालनवहिनींच्या गच्चीत गेलं, मागोमाग आल्याचं कारंजं त्यांच्या साठांवर. आम्ही तिघं पाण्याच्या टाकीमागे उकिडवे बसलो होतो. खालून कुणीतरी ओरडलं, “भट्टी उडाली वाटतं!” शालनवहिनी त्यांच्या जिन्यातून रामरक्षा म्हणत होत्या. आणि हे मान वळवून मला शांतपणे म्हणाले, “कोणता वायू गं हा?”

हा धडा मी इतकी वर्षं शिकवला होता. साखर, यीस्ट आणि ऊब, की वायू होतो. तो फळ्यावर नेहमीच गुपचूप व्हायचा.

मला रडू आलं. आवाजाला घाबरून नाही, कानकोंडं झाल्याने. मी म्हटलं, “मुक्ता, तुला पहिला पेला तुझ्या आवडीचा द्यायचा होता गं. म्हणून यंदा कोकमसुद्धा केलं नाही.”

ती टाकीला पाठ लावून आधी हसत होती. मग तिचं हसू थांबलं.

“आई, तिथे पहिल्या वर्षी मी तुझं आलं-लिंबाचं सरबत करायला गेले. साधं, चिमूटभर मीठ घालून तू करतेस ते. जमेना. एकदा तसंच ओट्यावर राहिलं आणि फसफसलं. थोडंसं तुझ्यासारखं लागलं, म्हणून तेच करत राहिले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू रडली असतीस.”

“आत्ता काय करतेय?”

बाटल्या संपल्यावर आम्ही खाली आलो. मी आलं ठेचलं, लिंबू पिळलं, साखर आणि चिमूटभर मीठ घातलं, माठातलं पाणी ओतलं. मुक्ता ओट्यापाशी उभी राहून एका दमात पेला प्यायली आणि तोंड न पुसता तो परत पुढे केला. कसं लागतं, ते तिने सांगितलं नाही. समोरासमोर असलं की सांगावं लागत नाही. आठवडाभर तिने दुसरं काही मागितलं नाही. शालनवहिनींनी ती साठं टाकून न देता वाळवली, आणि आल्याची म्हणून त्यांच्या जावयाने सगळी पुण्याला नेली.

मुक्ता परत गेल्यालाही आता दिवस झाले. दुपारी सरबत करताना माझा हात अजून तीन पेल्यांचं करतो. तिसरा ओतून द्यायला जीव होत नाही, म्हणून मीच पिते. डॉक्टरांनी मला साखर बंद केली आहे. दर खेपेला ते रिपोर्ट बघून कपाळाला आठ्या घालतात, मी साखरेला हातही लावत नाही असं सांगते, आणि ते मान डोलावतात. विज्ञानाच्या बाईंवर त्यांचा फार विश्वास आहे. आमच्या गच्चीची हकीकत त्यांना अजून कुणी सांगितलेली दिसत नाही.