ओढ तपासणारे आतोबा

परीक्षेतल्या मार्कांवर तिळभरही विश्वास नसलेला प्राध्यापक साऱ्या मुंबईत एकच होता, आणि तो माझ्या आत्याचा नवरा होता. ते गेल्यापासून त्यांच्याविषयी लिहायचं म्हणतो आहे. हात चालत नाही. आज मार्कांपासूनच सुरुवात करतो.

आतोबा ठाकूरद्वारला राहत आणि जवळच्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवत. सायन्सला जागा थोड्या आणि मुलं फार, म्हणून जूनमध्ये मुलाखती होत आणि समितीवर आतोबांनाही बसवत. समोर आलेली गुणपत्रिका ते पालथी घालून तिच्यावर अडकित्ता ठेवत आणि मुलाला विचारत, "गेल्या रविवारी, कुणी सांगितलं नसताना, काय केलंस?" मार्क हे सांगितलेल्या कामाचे, ओढ दिसते ती न सांगितलेल्या कामात, असा त्यांचा सिद्धान्त. एकदा एक मुलगा म्हणाला, "झोपलो, सर." आतोबा खूश झाले. "खरं बोलतोय, घेऊ या." प्रिन्सिपॉल म्हणाले, "अहो, त्याला झोपेची ओढ आहे!" तरी घेतलं. पुढच्या वर्षीपर्यंत हा प्रश्न गिरगावातून पार लालबागला पोचला होता. येईल तो मुलगा रविवारी घरचा रेडिओ उघडून बसलेला. आतोबा घरी येऊन टोपी काढता काढता म्हणाले, "एवढे रेडिओ उघडले असते तर रविवारी मुंबईला बातम्याच ऐकू आल्या नसत्या. ओढीचीसुद्धा घोकंपट्टी सुरू झाली!" प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. रविवारच्या जागी शनिवार घातला.

स्पर्धांवरही त्यांचा तसाच राग. कुणाच्या घरी गेले की कपाटावरचा चांदीचा पेला हातात घेऊन आत डोकवायचे आणि यजमानाला विचारायचे, "यातून पाणी प्यायलाय का कधी?" त्यांच्या स्वतःच्या घरी असले पेले ओळीने होते, कारण त्यांची मुलगी नलू वक्तृत्वात आणि केमिस्ट्रीत बक्षिसांशिवाय घरी येतच नसे. आतोबांनी एकात शर्टाची बटणं ठेवली होती, दुसऱ्यात सुपारी. पाहुणे आले की आत्या ते रिकामे करून पुसून ठेवी; पाहुणे गेले की सुपारी परत आत.

नलू इंटर सायन्सला फर्स्ट क्लासात आली आणि मेडिकलला जाते म्हणाली. अर्जावर वडिलांची सही लागे. आतोबा सही करीनात.

"तुला पहिलं येण्याची ओढ आहे," ते म्हणाले. "रोग्यांची नाही. वॉर्डात नंबर लागत नाहीत."

"मग काय शेवटून पहिली येऊ, बाबा?"

आत्या स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, पोरीला मार्क पडले हा काय तिचा गुन्हा झाला?"

त्याच संध्याकाळी आतोबा एकाएकी पोट धरून कॉटवर आडवे झाले. नलूने पुस्तक मिटलं, येऊन पोट दाबलं, ते ओरडले. दुसरीकडे दाबलं, ओरडले. मग तिने गुडघा दाबला, तेव्हाही ओरडले. "आई," ती म्हणाली, "बाबांच्या गुडघ्यात पोटदुखी आहे." आणि पुन्हा वाचायला बसली. आतोबांच्या मते यात बुद्धी दिसली, ओढ नाही. शिवाय रक्त पाहिलं की नलूला भोवळ येई. शेजारच्या मुलाचा घोळणा फुटला तर ही जमिनीवर.

चळवळीचे दिवस होते. अर्जाची मुदत संपत आली होती. मी भोईवाड्याहून आत्याकडे आलो आणि ट्रॅमगाड्या बंद झाल्या म्हणून तिथेच अडकलो. मोर्चावर अश्रुधूर सुटला, पळापळ झाली, आणि समोरच्या बिऱ्हाडातले एक गृहस्थ, कुठल्याशा कचेरीतले कारकून, डोकं फुटून आमच्या दारात येऊन बसले. मी पाणी शोधत होतो. नलूने दोरीवरचं आत्याचं धुतलेलं पातळ ओढलं, घडी करून जखमेवर दाबलं, पांढरीफटक पडली आणि कोसळली. शुद्धीवर आली, सरपटत परत गेली, पुन्हा दाबलं. पुन्हा पडली. मग उठून बसत मला म्हणाली, "दादा, मला मागून धर. मी गेले तरी हात सुटता कामा नये." मी धरलं. आतोबा उंबऱ्यात उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हवेत धूर होताच.

सकाळी त्यांनी सही केली. अर्ज तिच्या हातात देत म्हणाले, "कालचं मुलाखतीत बोलू नकोस. पुढच्या वर्षी साऱ्या मुंबईच्या पोरी भोवळ येऊन पडतील."

तिकडे नलूला कुणी काही विचारलंच नाही. मार्क पाहिले आणि घेतलं. "चुकीच्या रीतीने बरोबर निवड झाली," असं आतोबा पुढे कित्येक वर्षं येईल त्याला सांगत. भोवळ जायला नलूला पहिलं वर्ष पुरलं नाही, पण गेली.

शेवटच्या आजारपणात मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. ते कमी बोलत. एका दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून दोघे बसलो होतो, तर मध्येच म्हणाले, "त्या दिवशी मोर्चा नसता, तर मी सही केली नसती रे."

"केली असतीत, आतोबा."

"नसती. मी ओळखतो ना मला." मग म्हणाले, "ती घरातली होती म्हणून दिसली. मुलाखतीच्या त्या खोलीतून मी किती जणांना परत पाठवलं, त्यांचा तसा दिवस तेव्हा अजून यायचा असेल."

खाली कॉलेज सुटलं होतं. आत्याने आणून ठेवलेला चहा निवत गेला, आणि आतोबा रस्त्याने जाणाऱ्या एकेका मुलाकडे, तो वळणाआड होईपर्यंत, पाहत राहिले.