अकरावा खेळाडू

फेब्रुवारीचा दुसरा रविवार. प्रवेश फी दोन हजार सातशे पन्नास, म्हणजे माणशी अडीचशे. मुरबाडजवळच्या एका गावाबाहेर, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आम्ही अकराही जण हजर होतो. स्पर्धा चाळिशीवरच्यांची, टेनिस बॉलची, आणि गावापुरती: ज्या गावाचा संघ, त्याच गावचा खेळाडू.

आमचं गाव डोळखांबच्या बाजूला. बाकीचे दहा तिथून टेम्पोने आले होते, मी शहापूरहून मोटारसायकलवर. मुलीच्या शाळेसाठी मी शहापूरला फ्लॅट घेतला होता. आता मुलगी पुण्यात नोकरीला आहे, आणि बायकोला जाऊन तीन वर्षं झाली. एका भातगिरणीत मी हिशेब लिहितो. शनिवारी दुपारी गिरणी बंद झाली की सोमवारपर्यंत दाराशी येणारा माणूस म्हणजे दूधवाला, आणि तोही पिशवी कडीला अडकवून जातो. मुलीचा फोन येतो. जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणतो. त्यापुढे दोघांनाही विषय सापडत नाही.

दोन वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत शाळेतल्या एका सोबत्याने मला संघात ओढलं. तो टेम्पो चालवतो आणि संघाचा कप्तान आहे. त्याला अकरावा मिळत नव्हता, एवढंच कारण. मला खेळता येत नाही. बॅटिंगला मी शेवटी, आणि फिल्डिंगला जिथे बॉल सहसा येत नाही तिथे. पण दर रविवारी सकाळी गावात सराव असतो. तो संपला की सगळे बांधावर बसतात. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या पोराचं लग्न जमत नाही, असं चालतं. मी फारसं बोलत नाही. तरी घरी येऊन कुलूप उघडताना त्यांच्यातलं काहीतरी कानात असतं. त्यावर आठवडा निघतो.

त्या दिवशी टेबलावर आधार कार्डं तपासत होते. आधी शाळेचा दाखला चालायचा. कार्डावरचा पत्ता बघायचा हे यंदापासून, असं तिथेच कळलं. माझं कार्ड आयोजकाने बाजूला ठेवलं. त्यावर शहापूरचा पत्ता. गॅस घेताना मी तो बदलला होता. आमच्याकडचे बाहेर गेलेले बहुतेक लोक कार्डावर गावच ठेवतात, मत तिथे, रेशन तिथे. मला राहतो एकीकडे आणि पत्ता दुसरीकडे हे पटलं नव्हतं.

कप्तान भांडला. याचा बाप गावचा, याचं घर अजून गावात उभं आहे, असं सांगू लागला. आयोजकाचं म्हणणं, असं सगळेच सांगतात. गेल्या साली एका संघाने थेट ठाण्याहून माणसं आणली होती. रांगेत मागे उभा असलेला दुसऱ्या संघातला एक जण म्हणाला, "शेठ, शहापूरचा संघ दुपारी हाय, तिकडं इचारा." हसले सगळेच. आमच्यातलेही दोघे हसले.

कप्तानाने मला बाजूला घेतलं. "अरे, सांग ना, शनवार-रविवार गावालाच असतो म्हणून."

"झोपतो तर शहापूरला."

"तू झोपतो कुठं, हे तुला इचारलंय कुणी?"

मी टेबलावरून माझं कार्ड उचललं. ते दहा जण खेळायला उतरले.

मी पाण्याच्या पिंपाजवळ बसलो. टी-शर्ट अंगात होता. काढावा की ठेवावा कळेना. बॉल येत नाही म्हणून मला जिथे उभं करायचे, त्या मोकळ्या जागेतून तीन चौकार गेले. सात धावांनी हरलो. हरलो असं मी म्हणतो, कागदावर मी त्यांच्यात नव्हतो.

नंतर टेम्पोपाशी कप्तानाने मला अडीचशे रुपये पुढे केले. दहाही जणांनी पंचवीस-पंचवीस काढले होते. मी खेळलोच नाही, तर माझे पैसे कशाला, असा त्यांचा हिशेब. हिशेब बरोबर होता. मी हात पुढे केला नाही, तेव्हा त्याने नोटा माझ्या खिशात कोंबल्या. मग बुटाला लागलेला पिंपाजवळचा चिखल दगडावर खरवडत म्हणाला, की गावातला एक जण येत्या मे महिन्यात चाळीस पुरी करतोय, चांगला खेळतो, पुढच्या साली त्याला घ्यावं लागेल. कळतंय मला, असं म्हणालो.

बाकीचे टेम्पोत चढले होते. कुणीतरी हॉर्न दाबत होतं. मला जे विचारायचं होतं ते तोंडातून निघायला वेळ लागला.

"मग रविवारी मी येऊ का रे?"

तो टेम्पोचं दार उघडत होता. "सरावाला? तिथं तुझं कार्ड बघायला कोण बसलाय? ये. येताना बॉल आण, सगळे फुटलेत."

टेम्पो डोळखांबकडे गेला. मी शहापूरला आलो, वरणभात लावला, एकट्यापुरता.

सोमवारी गिरणी सुटल्यावर बाजारात जाऊन सहा बॉल घेतले, साठ रुपयांना एक. अडीचशे संघाने परत केलेले आणि एकशे दहा माझे, असे तीनशे साठ रुपये दुकानदाराला रोख दिले.