बंबवाल्यांच्या सोडतीतली रायफल

आमदार हॅमेकरांच्या मी जितकी मागे लागलेय, तेवढी त्यांची बायकोसुद्धा लागली नसेल. घरातली बंदूक कुलुपातच ठेवायची, असा कायदा मांडतो म्हणून त्यांनी मला शब्द दिला होता, तोही दवाखान्यात, माझ्या नातीच्या खाटेपाशी उभं राहून. माझ्या मुलानं, ग्लेननं, पिस्तूल उशाजवळच्या खणात ठेवलं होतं. ते माझ्या नातीच्या, केसीच्या हाती लागलं नि उडालं. तिला आता उजव्या हातानं पेन्सिल धरता येत नाही. ग्लेन त्यावर आजवर अवाक्षर बोललेला नाही.

तेव्हापासून दर सोमवारी मी त्यांच्या कचेरीत फोन लावते. आधी म्हणाले अर्थसंकल्प होऊ दे, मग निवडणूक, मग हरणांच्या शिकारीचा हंगाम. आमच्या पेनसिल्व्हेनियात त्या शिकारीसाठी शाळासुद्धा बंद ठेवतात, तिथं कायद्याचं काय घेऊन बसलात. फोनवरची मुलगी माझा आवाज ऐकताच म्हणते, "अजून नाही हो, अर्लीनकाकू." मग माझ्या गुडघ्यांची चौकशी करते, मीही सांगत बसते, आणि फोन ठेवल्यावर आठवतं, कायद्याचं नीट विचारायचं राहूनच गेलं. असली मी पाठपुरावा करणारी.

गावच्या आगीच्या बंबवाल्यांच्या, वर्गणी जमवायच्या जेवणाला आमदार येणार असं कळलं, तेव्हा ठरवलं, चारचौघांत धरायचं. दारात सोडतीचं तिकीट घेतलं. दरवर्षीच घेते, त्या पैशातून बंबाला टायर येतात. बक्षीस दरवर्षी बंदूकच असते हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या मात्र ध्यानीमनीही आलं नाही.

सोडत आमदारांनीच काढली. नाव माझं निघालं.

सगळे खदाखदा हसले. शेजारचा रॉय म्हणाला, "जा काकू, हरीण मारा नि आम्हाला जेवायला बोलवा." मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंचावर गेले, रायफल झाडूसारखी धरली. फोटोही निघाला.

"अर्लीनबाई, ही घरी कुठं ठेवणार?" आमदारांनी माईकवर थट्टेनं विचारलं.

"तुम्ही सांगाल तिथं. कायदा काय म्हणतो?"

"कायदा कशाला हवा? तुमच्यासारख्या जबाबदार माणसाबद्दल आम्हाला खात्रीच आहे."

टाळ्या पडल्या. ग्लेन समोरच पानांवर बटाटे वाढत होता. त्याच्याकडे बघवेना, पण तोंड काही थांबलं नाही.

"माझ्या ग्लेनबद्दलही मला खात्रीच होती," मी म्हणाले.

माईक चालूच होता. ग्लेननं हातातला डाव भांड्यात ठेवला.

"मलाही होती," तो म्हणाला.