टेपचं टोक

१९८०च्या सुमारास बाबा गेले. वारसाच्या कोर्टकामासाठी गिरीज गावातल्या आमच्या घराची किंमत ठरवायला एक व्हॅल्युअर आले होते. चपला पायरीखाली काढूनच ते आत आले. प्रत्येक भिंतीला आधी तळहात लावायचे, मग टेप. टेपचं दुसरं टोक माझ्या हातात. किंमत कमी लागली तर कोर्टाची फीही कमी, म्हणून मी ओल, वाळवी, फुटकी कौलं हौसेने दाखवत सुटलो. शेवटी भिंतीवरचा बाबांचा फोटोच उतरवला. मागे मोठी भेग होती. पाहुणे येणार म्हणून आईने सकाळीच ती झाकली होती.

आई चहा घेऊन दारातच उभी होती. ओशाळून म्हणाली, "यंदा चुना मारायचा रायला, साहेब."

"आमच्याकडेही राहिलाय, मावशी," म्हणत त्यांनी माझ्या हातातून फोटो घेतला, स्वतःच्या रुमालाने पुसला आणि खिळ्याला लावून सरळ केला. मग बाकावर बसून, बशीत ओतून, सगळा चहा प्यायले.

आईला नमस्कार करून निघताना माझ्याकडे वळले. हळूच म्हणाले, "टेप सोडा आता."

टोक अजून माझ्या मुठीतच होतं.